उरलेल्या गोळ्यांचा डबा

शरच्चंद्र खासनीस तसे वाईट गृहस्थ नव्हते. व्यसन नाही, बायकोवर आवाज चढवणं नाही, विमा कंपनीतली कारकुनी इमानेइतबारे करून निवृत्त झालेले. दोष एकच. त्यांना काही म्हणजे काही टाकवत नसे. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून ठेवलेल्या, सुतळीचे तुकडे एकमेकांना गाठी मारून गुंडाळलेले. बिबवेवाडीच्या त्या ब्लॉकमध्ये माणसांपेक्षा पिशव्यांनाच जागा जास्त, तरी मंदाकिनीबाईंनी इतकी वर्षं चालवून घेतलं. पण तो डबा! त्या डब्यानं मात्र त्यांचं रक्त आटवलं.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात उरलेली औषधं. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, की राहिलेल्या गोळ्या थेट डब्यात. रबरबँड लावून, वर लग्नपत्रिकेच्या पाठीची चिठ्ठी: ‘घसा’. ‘पोट’. ‘दात’. ‘लघवी’. आणि हे नुसतं साठवणं नव्हे बरं का. जिन्यात कोणी शिंकलं की खासनीसांचं दार उघडलंच. “थांब, तुला दोन गोळ्या देतो. उगाच डॉक्टरकडे कशाला जातेस?” सगळी बिल्डिंग त्यांना डॉक्टरकाका म्हणायची आणि काकांची छाती दोन इंच फुगायची.

आता हे असं कोणाच्या घरात चालावं? मंदाकिनीबाईंच्या! ज्या बाईनं अख्खी नोकरी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये जंतू वाढवण्यात घालवली, तिच्या घरात! पेशंटची लघवी, थुंकी, रक्त, पू, जे येईल ते प्लेटमधल्या जंतूंच्या खाद्यावर पसरायचं, उबेत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायचं. मग त्या जंतूंवर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल उरतो. वाटी उपडी ठेवून सभोवार रांगोळी भुरभुरावी आणि वाटी उचलावी, अगदी तसा. जे लागू पडत नाही त्याच्या टिकलीला जंतू खेटून वाढतात. कोणत्या पेशंटला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरला त्या गोलांवरून कळतं. इतकं साधं शास्त्र, आणि त्यानं किती माणसं वाचवलेली त्यांनी स्वतः पाहिली होती.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा ते गोल ऐसपैस असायचे. निवृत्त होईपर्यंत आक्रसत आक्रसत गेले. शेवटी शेवटी तर अख्ख्या प्लेटवर एखादाच गोल दिसायचा आणि तो दिसला की सगळी लॅब हुश्श करायची. का आक्रसले? कोणी दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या नेतं, कोणी कोंबड्यांना घालतं, कोणी साध्या सर्दीला अँटिबायोटिक गिळतं, कोणी दोन गोळ्या खाऊन सोडून देतं. लेचेपेचे जंतू मरतात, दांडगे तेवढे मागे राहतात, आणि मग त्या दांडग्यांचीच पोरंबाळं वाढतात. औषधाला भीक न घालणारी. हे दिवसभर डोळ्यांनी बघून बाई घरी यायच्या आणि घरात काय, तर नवरा रबरबँड लावत बसलेला!

“अहो, सर्दी विषाणूंची असते. तुमची ती गोळी विषाणूंच्या केसालासुद्धा धक्का लावत नाही.”

“मग तळमजल्यावरच्या शकूची सर्दी गेली कशी?”

“ती आपोआप जाते!”

“हो का? नेमकी माझी गोळी घेतल्यावर बरी आपोआप गेली.”

आता बोला! या माणसाशी काय डोकं फोडायचं?

प्रयत्न काय कमी केले त्यांनी? एकदा सोसायटीच्या हळदीकुंकवाला प्लेटांचे फोटो नेले. बायका माना डोलावत होत्या, कोणी ‘बाई गं’ म्हणत होतं, मंदाकिनीबाईंना वाटलं, चला, पोचलं काहीतरी. तिळगूळ हातात घेऊन शकूनं विचारलं, “काकू, पण घसा धरला असेल तर काकांकडची पिवळी चालेल ना?” त्यांचं मस्तकच फिरलं. घरी येऊन त्यांनी तो डबा उचलला आणि कचऱ्याच्या बादलीत घातला. शरच्चंद्रांनी एक शब्द न बोलता तो बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि कपाटावर ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस ते आपला चहा आपण करून घेत होते. शेवटी अबोल्याला कंटाळून बाईंनीच माघार घेतली.

माघार म्हणजे पटलं असं नव्हे. जेवताना, टीव्ही बघताना, मुलगी ऋचा हडपसरहून आली की तिच्यासमोर, टोमणे चालूच. “ऋचा, तुझ्या बाबांना विचार, डब्यात अजून कोणाच्या आयुष्याची सोय करून ठेवलीये.” ऋचा आयटीतली. मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणायची, “आई, चिल ना. बाबांचा हॉबी प्रोजेक्ट आहे तो.” हॉबी प्रोजेक्ट! कपाळ!

यंदा दिवाळीच्या आधी शरच्चंद्रांच्या बाथरूमच्या फेऱ्या वाढल्या. मंदाकिनीबाईंच्या लक्षात आलं नाही असं कसं होईल?

“लघवीला जळजळ होतेय का?”

“नाही.”

“तपासून घेऊ या.”

“वय झालंय. या वयात होतंच. प्रत्येक गोष्टीत तुला जंतू दिसतात.”

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि हा माणूस कडकडून कापत होता. दात वाजत होते. मंदाकिनीबाई धावत गेल्या तर त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, “सुमनताई, तू कधी आलीस?” सुमनताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शेजाऱ्यांनी रिक्षा थांबवली आणि त्यांनी नवऱ्याला थेट आपल्या जुन्या रुग्णालयात नेलं.

वॉर्डातला डॉक्टर दिग्विजय तरुण होता, पण घाईतला नव्हता. सलाइनची एक बाटली आत गेल्यावर शरच्चंद्रांना जरा भान आलं, तेव्हा त्यानं वाकून विचारलं, “काका, आधी काही औषध घेतलंय का? घरचं, दुकानातलं, काहीही?”

शरच्चंद्रांनी डॉक्टरकडे पाहिलं. मग डॉक्टरच्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

“छे,” ते म्हणाले. “काही नाही.”

खरं सांगायचं तर मंदाकिनीबाईंना त्या क्षणी बरं वाटलं. म्हटलं, चला, इतकं दुखणं अंगावर काढलं, पण निदान डब्याला हात लावला नाही. इतक्या वर्षांच्या बडबडीतलं काहीतरी आत शिरलं म्हणायचं. दिग्विजयनं रक्त आणि लघवी लॅबमध्ये पाठवली आणि नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं.

ताप हटेना. दुसरा दिवस गेला, बीपी खाली यायला लागलं, किडनीचा आकडा वर चढायला लागला. ऋचा लॅपटॉप बंद करून आली होती आणि आईच्या दंडाला धरून बसली होती. “आई, तू एक्सपर्ट आहेस ना? मग सांग ना काय होतंय बाबांना!” एक्सपर्ट! घरात कधी कोणी एका शब्दाला किंमत दिली नाही आणि आता एक्सपर्ट! बाईंना ओरडावंसं वाटलं. त्या उठल्या आणि जिना उतरून लॅबमध्ये गेल्या.

लॅब आता पूर्वाच्या ताब्यात होती. हातात पहिल्यांदा प्लेट धरली तेव्हा थरथरणारी ती मुलगी आता तिथली मुख्य होती. तिनं शरच्चंद्रांच्या लघवीची प्लेट पुढे केली. कोरी. धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ. एक ठिपका नाही.

“मॅडम, काहीच वाढलं नाही. वर डॉक्टर म्हणतायत, मग लघवीचं दुखणं नसेल. डेंग्यू बघू, छाती बघू, पोटाचं स्कॅन करू. पण मला ते पटत नाहीये. तुम्ही स्लाइड बघता का?”

मंदाकिनीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पू-पेशींची दाटी. आणि त्यांच्या मधूनमधून लहान लहान गुलाबी काड्या, कितीतरी. जंतू होते. डोळ्यांना ढळढळीत दिसत होते. मग प्लेटवर का उगवले नाहीत? दिसतात, पण वाढत नाहीत. बाईंनी डोकं वर केलं. पूर्वा त्यांच्याकडेच बघत होती. दोघींनाही याचा अर्थ एकच माहीत होता. नमुना घ्यायच्या आधीच या माणसाच्या पोटात अँटिबायोटिक गेलेलं होतं. औषध लघवीत साठून राहतं, त्यामुळे तिथले जंतू मेलेले किंवा लुळे पडलेले. आणि शरीरात, प्रोस्टेटच्या ग्रंथीत, रक्तात जे दांडगे शिरले होते ते मजेत होते. लॅब आंधळी झाली होती आणि वर डॉक्टर अंधारात चाचपडत होता.

“मॅडम, सरांनी आधी काही घेतलं होतं का?”

“नाही म्हणाले,” बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वॉर्डात त्या तरातरा आल्या. शरच्चंद्र डोळे मिटून पडले होते, ओठ सुकलेले.

“अहो, डब्यातलं काय काय घेतलंत?”

“काही नाही.”

“मी आत्ता मायक्रोस्कोपमधून बघून आलेय.”

“काही नाही म्हटलं ना.”

“शरच्चंद्र खासनीस!” लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा उठून बसला. “मला फसवाल, डॉक्टरला फसवाल, पण ती स्लाइड खोटं बोलत नाही. तुम्ही मरताय, कळतंय का? चुकीचं औषध चाललंय तुम्हाला, कारण तुम्ही तोंड उघडत नाही. मला असं एकटं पडायचं नाहीये, आणि तेही चार उरलेल्या गोळ्यांपायी तर मुळीच नाही. बोला!”

त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं.

“आधी लघवीच्या घेतल्या,” ते म्हणाले. “त्या दोनच होत्या. मग घशाच्या घेतल्या. मग दाताच्या. मधे बरं वाटलं की थांबत होतो.”

“कधीपासून?”

“नवरात्रापासून.”

“आणि डॉक्टरनं तोंडावर विचारलं तेव्हा ‘छे’?”

“तू मागे उभी होतीस.”

“मग?”

“इतकी वर्षं तू जे म्हणत आलीस, तेच खरं ठरलं असतं.”

मंदाकिनीबाई स्टूल ओढून बसल्या. हसावं की रडावं? मरण आलं तरी बेहत्तर, पण बायको बरोबर ठरायला नको! आणि त्याच रागात त्यांच्या मनात दुसरंही काहीतरी आलं आणि ते जास्त बोचलं. यानं गोळ्या डॉक्टरला घाबरून लपवल्या नव्हत्या, आपल्याला घाबरून लपवल्या होत्या. एवढं शास्त्र सांगून हाती काय लागलं, तर नवऱ्याला खोटं बोलायची सवय. त्यांना भयंकर थकल्यासारखं झालं.

पण थकायला वेळ नव्हता. ऋचा घरी जाऊन डबा घेऊन आली. दिग्विजयनं त्यातल्या पट्ट्या एकेक करून वाचल्या. रागावला नाही, हेही बाईंना सहन होईना. कोणीतरी रागवायला हवं होतं. “बरं झालं सांगितलंत, काका. ही घशाची गोळी आणि मी देतोय ते इंजेक्शन, एकाच घराण्यातलं आहे. तुमच्या जंतूंना त्याची सवय झालेली दिसतेय.” त्यानं औषध बदललं. राखून ठेवलेल्यांपैकी एक, सहसा ज्याला हात लावत नाहीत असं. आता ते तरी चालतंय का, हे बघत बसायचं.

लॅबमध्ये उबेत ठेवलेल्या रक्ताच्या बाटलीत उशिरा का होईना, जंतू वाढले. पूर्वानं त्यांच्यावर टिकल्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंना खाली बोलावलं. प्लेट उजेडाकडे धरून बाई बघत राहिल्या. या टिकलीला खेटून वाढलेले, त्या टिकलीला खेटून वाढलेले, तिच्या शेजारच्या टिकलीलाही. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याची प्लेट असती तर त्यांनी नुसतं च्च केलं असतं. कडेला एका टिकलीभोवती मात्र गोल होता. लहानसा, पण स्वच्छ.

“दिग्विजय सरांनी सुरू केलंय तेच आहे, मॅडम,” पूर्वा म्हणाली.

बाईंनी प्लेट खाली ठेवली आणि तिथेच टेबलावर डोकं टेकून रडल्या. पूर्वानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, हातमोजे घातलेले होते.

शरच्चंद्र वाचले. किडनी पूर्वीसारखी राहणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. पथ्यं आली, वरचेवर तपासण्या आल्या. दिवाळी रुग्णालयातच गेली. घरी आल्यावर ते भिंतीला धरून चालायचे आणि कपाटाच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघायचे. डबा ऋचानं रुग्णालयातच देऊन टाकला होता. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मंदाकिनीबाईंनीही विषय काढला नाही. पटलंय की नुसतं अंगात त्राण नाही म्हणून गप्प आहेत, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

एका संध्याकाळी तळमजल्यावरची शकू मऊ भाताचा डबा घेऊन वर आली. भात बाईंच्या हातात दिला आणि कमरेचा बटवा सोडून एक चपटी पुडी काढली.

“काका, हे तुमच्यासाठी. गणपतीत माझा घसा धरला होता, तेव्हा तुम्ही दोन गोळ्या दिल्या होत्या बघा. एकीनंच बरं वाटलं. म्हटलं, काकांनी शिकवलंय, वाया कशाला घालवा? एक जपून ठेवली. तुम्हाला आता किती अशक्तपणा आलाय, घेऊन टाका.”

पट्टीचा कापलेला तुकडा, त्यात एक गोळी, आणि वर रबरबँड. उरलेल्यातली उरलेली! नवरा आता काय करतो, ते मंदाकिनीबाईंना बघायचं होतं.

शरच्चंद्रांचा हात सवयीनं पुढे गेला. त्यांनी पुडी घेतली, उलटसुलट केली. मग रबरबँड काढून आपल्या मनगटात अडकवला, तो कसला टाकवतोय त्यांच्याच्यानं, आणि गोळी बायकोच्या हातात ठेवली.

“हे चालत नाही, शकू. मी तुम्हा सगळ्यांना चुकीचं शिकवलं. यापायी मी मरत होतो. ही सांगते तेच खरं आहे.”

हे वाक्य ऐकायला मंदाकिनीबाईंनी अख्खा संसार घालवला होता. पण शकूनं काकांकडे बघितलंच नाही. तिनं बाईंकडे असं बघितलं, जसं काही त्यांनीच नवऱ्याला आजारी पाडलंय.

“काकू, दुखण्यातून उठलेल्या माणसाला किती बोलायचं?” असं म्हणून ती गेली. जिन्यात कोणीतरी भेटलं असावं. तिचा आवाज वरपर्यंत आला. “बोलून बोलून पार खच्ची केलंय हो त्यांना. आता घसा दुखला तर जायचं कोणाकडे?” आणि त्यावर दुसरा आवाज, “अगं, माझ्याकडे आहेत की चार-पाच. काकांनीच दिलेल्या. ये घेऊन जा.”

मंदाकिनीबाईंनी भाताचा डबा आपटून ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. गोळी मुठीत घट्ट होती.

“थांब,” शरच्चंद्र म्हणाले. ते खुर्चीचे हात धरून उठत होते. “तू नको जाऊस. तुझं कोणी ऐकणार नाही. मी जातो.”

“जिना उतरवणार आहे का तुम्हाला?”

“नाही. म्हणून तर तू चल.”

बाईंना इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. म्हणजे शास्त्र त्यांचं, प्लेटा त्यांच्या, घसा त्यांनी कोरडा केलेला, आणि ऐकणार कोणाचं, तर ज्यानं सगळ्यांना गोळ्या वाटल्या त्याचं! आणि ऐकतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी दार उघडलं, नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, “सावकाश. पायरी बघा.”